उलटसुलट चालणारा इंधनघट आणि चौदा दिवसांची रात्र

दिवाळीच्या सुट्टीत भाची आली होती, नववीतली. वहीत पाण्याच्या विद्युत अपघटनाची सुबक आकृती काढलेली, पण प्रयोग कुणी करून दाखवला नव्हता. म्हणून ओट्यावरच मांडला. काचेचा पेला, पाण्यात चमचाभर धुण्याचा सोडा, दोन्ही टोकांना तासलेल्या दोन पेन्सिली आणि 9 व्होल्टची चौकोनी बॅटरी. (सोड्याऐवजी मीठ टाकायचा मोह होतो. टाकू नये, मिठाच्या पाण्यातून क्लोरीन सुटतो.) वायरी जोडल्या आणि शिसांच्या टोकांवर खसखशीएवढे बुडबुडे धरू लागले. ऋण बाजूच्या पेन्सिलीवर भरपूर, धन बाजूच्या पेन्सिलीवर जेमतेम. भरपूर तो हायड्रोजन, जेमतेम तो ऑक्सिजन.

इथवर सगळं पुस्तकातलंच. चार-पाच मिनिटांनी बॅटरी काढून ठेवली आणि त्याच दोन वायरी मल्टिमीटरला लावल्या. भाचीला वाटलं होतं, शून्य येईल. आकडा आला दीड व्होल्टच्या आसपास, आणि तो सावकाश उतरत होता.

"मामा, बॅटरी तर तुझ्या हातात आहे. मग ही वीज येते कुठून?"

शिसांना चिकटून राहिलेल्या बुडबुड्यांतून. वीज घालून पाणी फोडलं होतं, आता तेच हायड्रोजन आणि ऑक्सिजन परत पाणी होऊ बघत होते आणि होता होता घेतलेली वीज परत देत होते. पेन्सिलींना चिकटलेला वायू तो किती, त्यामुळे मिनिटा-दोन मिनिटांत खेळ आटोपला. पण तेवढ्या वेळापुरता आमच्या ओट्यावर एक उलटसुलट चालणारा इंधनघट, म्हणजे फ्युएल सेल, उभा होता. एकदा पाणी फोडणारा, एकदा पाणी जोडणारा, आणि दोन्ही वेळा भांडं तेच.

कल्पना जुनी आहे. वेल्समधला विल्यम ग्रोव्ह पेशाने वकील, पुढे न्यायाधीशही झाला, पण जीव विजेत अडकलेला. 1842 मध्ये त्याने प्लॅटिनमच्या पट्ट्या, सौम्य आम्ल आणि दोन वायूंनी भरलेल्या नळ्या यांच्या पन्नास जोड्या एकापुढे एक लावल्या. त्यातून निघालेल्या विजेने त्याने शेजारच्या भांड्यातलं पाणी फोडून दाखवलं. म्हणजे इकडे पाणी जुळत होतं आणि त्याच्या जोरावर तिकडे पाणी फुटत होतं. इतकं जुनं आणि इतकं सोपं असूनही हे यंत्र आपल्या घरात इन्व्हर्टरशेजारी का नाही, याचं उत्तर मात्र सोपं नाही. त्यासाठी जरा हिशेबात शिरावं लागेल.

पाणी फोडायला कागदोपत्री 1.23 व्होल्ट पुरतात. प्रत्यक्ष यंत्रात काम जरा वेगाने व्हायचं तर 1.8 ते 2 व्होल्ट मोजावे लागतात. परतीच्या वाटेवर, म्हणजे पाणी जुळताना, तेच 1.23 हाती यायला हवेत, पण काम करत्या घटातून येतात 0.6 ते 0.7. जाताना जकात आणि येतानाही जकात. सगळ्यात चिवट नाका ऑक्सिजनच्या बाजूला. ऑक्सिजनचा एक रेणू तयार व्हायला किंवा मोडायला चार इलेक्ट्रॉनची देवाणघेवाण लागते, आणि ती टप्प्याटप्प्याने, अडखळत होते. हायड्रोजनची बाजू त्यामानाने सरळमार्गी.

तर 1.8 घालून 0.7 परत, म्हणजे रुपयाचे 39 पैसे. त्यातून पंप, वायू दाबून भरणं, नियंत्रणाची यंत्रणा यांचा खर्च वजा केला की 30 ते 35 पैसे उरतात. किलोच्या भाषेत हेच सांगायचं तर एक किलो हायड्रोजन करायला 50 ते 55 युनिट वीज लागते आणि त्याच किलोतून परत मिळतात 16 ते 18 युनिट. लिथियम बॅटरी रुपयाचे 85-90 पैसे परत देते.

आता हे घरी आणून बघा. महिन्याला 150 युनिट जाळणारं घर, म्हणजे रोजचे पाच. त्यातले तीन सूर्य मावळल्यावर लागतात असं धरू. छपरावरच्या पॅनेलमधून बॅटरीत साडेतीन युनिट भरले की रात्र निभावते. हायड्रोजनच्या वाटेने त्याच तीन युनिटांसाठी दिवसा नऊ युनिट भरावे लागतील. पॅनेल जवळजवळ अडीचपट, शिवाय दाबाखालच्या वायूची टाकी. सोसायटीची कमिटी गच्चीवर साधा मोबाइलचा टॉवर लावू देत नाही, ती हे काय लावू देणार! घरगुती रात्रीपुरता प्रश्न असेल तर बॅटरी घ्यावी. यावर मला वाद घालावासा वाटत नाही.

मग शहाणीसुरती माणसं या घटाच्या मागे का लागली आहेत?

यासाठी आपल्याकडचंच एक ठिकाण बघू. अकोले तालुक्यातल्या घाटघरला वर एक जलाशय आहे, आणि कड्याखाली शहापूर तालुक्याच्या हद्दीत दुसरा. मधे डोंगराच्या पोटात 125 मेगावॉटची दोन यंत्रं. विजेची गरज असते तेव्हा वरचं पाणी खाली येताना ती फिरवतं, वीज होते. वीज उरते तेव्हा तीच यंत्रं उलटी फिरून पाणी पुन्हा वर चढवतात. 2008 पासून हे चालू आहे. टर्बाइनही तोच, पंपही तोच.

घाटघरमध्ये दोन गोष्टी एकमेकींपासून सुट्या आहेत. एका वेळी किती वीज देता येईल हे यंत्रं ठरवतात. किती तास देता येईल हे जलाशय ठरवतो. तास दुप्पट हवे असतील तर यंत्रांना हात लावायची गरज नाही, तळं मोठं करायचं. बॅटरीत असं करता येत नाही. तिथे तळं आणि टर्बाइन एकाच डबीत बंद आहेत. चार तासांची बॅटरी चाळीस तास चालवायची तर तशा दहा डब्या लागतात, आणि प्रत्येक डबीबरोबर तिचा संपूर्ण संसार विकत घ्यावा लागतो. उलटसुलट इंधनघट हे घाटघरचं भावंड. घट म्हणजे यंत्र आणि वायूच्या टाक्या म्हणजे जलाशय. घट तोच ठेवून नुसती टाकी वाढवली की रात्र वाढवता येते, आणि त्याला ना डोंगर लागतो ना नदी.

म्हणून या घटाबद्दल कुणी काही सांगू लागलं की मी 'कार्यक्षमता किती' हा प्रश्न दुसरा विचारतो. पहिला विचारतो, रात्र किती तासांची?

आपल्याला माहीत असलेली एक खूप लांब रात्र घ्या. 23 ऑगस्ट 2023 ला चांद्रयान-3 चा विक्रम, पोटात प्रज्ञान ही छोटी गाडी घेऊन, चंद्रावर उतरला, त्या संध्याकाळी आपण सगळे टीव्हीसमोर होतो. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात प्रज्ञान आणि विक्रमला झोपवलं आणि ते पुन्हा उठले नाहीत. त्यात कुणाची चूक नव्हती. एका चांद्रदिवसापुरतंच ते काम होतं, उठले असते तर ती वरकमाई. चंद्रावरची रात्र आपल्या चौदा दिवसांहून मोठी, साधारण 350 तास, आणि थंडी उणे 200 अंशांच्या आसपास.

या रात्रीत एखादं यान जागं ठेवायचं आहे असं समजा. फार नाही, 100 वॉट, म्हणजे जुन्या पिवळ्या बल्बाएवढे. 350 तासांचे झाले 35 युनिट. घराच्या हिशेबात ही आठवड्याची वीज, काहीच नाही. पण ती बॅटरीतून न्यायची तर बॅटरीच्या दर किलोला 150 ते 200 वॉट-तास धरून 175 ते 235 किलोची बॅटरी चंद्रावर उतरवावी लागेल. प्रज्ञान अख्खा 26 किलोचा होता.

आता हायड्रोजन. किलोला 17 युनिट धरले तर दोन किलोहून जरा जास्त हायड्रोजन, आणि त्याच्या आठपट ऑक्सिजन, कारण पाण्यात वजनाचं प्रमाणच एकास आठ असतं. चंद्रावर हवा नाही, त्यामुळे ऑक्सिजनही बरोबर न्यावा लागतो. दोन्ही मिळून 19 किलोच्या आत. रात्र सरते तेव्हा या दोन्ही वायूंचं झालेलं असतं पाणी, 19 लिटरच्या आत. ऑफिसात उलटा ठेवतात त्या 20 लिटरच्या पाण्याच्या जारात मावेल एवढं. चंद्राची अख्खी रात्र एका जारात!

अर्थात वायू कागदी पिशवीत नेता येत नाहीत. हायड्रोजनची टाकी आतल्या हायड्रोजनच्या वीसपट जड असते. ती 40 किलोच्या घरात जाईल, ऑक्सिजनची त्याहून कमी, मग खुद्द घट, नळ्या, झडपा. माझ्या ढोबळ हिशेबाने सगळं शंभर किलोच्या अलीकडे-पलीकडे. तरीही बॅटरीच्या निम्मं. आणि रात्र 700 तासांची असती तर बॅटरी दुप्पट झाली असती, इकडे फक्त टाक्या वाढल्या असत्या.

रुपयाचे पस्तीस पैसे ही रडकथा इथे कुणाच्या डोळ्यांत पाणी आणत नाही. तेवढा हायड्रोजन पुन्हा करायला 110 युनिट लागतील, पण त्यासाठी हाताशी 350 तासांचं ऊन आहे. म्हणजे 320 वॉटच्या आसपास पुरे. विक्रमची पॅनेलं 738 वॉटची होती. ऊन फुकट आहे, महाग आहे ते वजन.

इस्रोने या दिशेने एक पाऊल टाकलं आहे. 1 जानेवारी 2024 ला पीएसएलव्ही सी-58 रॉकेट उडालं, त्याच्या चौथ्या टप्प्यावर पोएम-3 नावाचं प्रयोगांचं व्यासपीठ होतं. त्यावरच्या इंधनघटाने सोबत नेलेल्या हायड्रोजन-ऑक्सिजनमधून 180 वॉट वीज दिली. हा घट एकाच दिशेचा होता, वायू संपले की काम संपलं. तशी इंधनघटाची आणि अंतराळाची ओळख 1965 पासूनची. अमेरिकेच्या जेमिनी-5 यानात तो पहिल्यांदा माणसांबरोबर गेला. अपोलोच्या चांद्रवीरांना तर घटातून निघालेलं पाणी प्यायलाही मिळायचं. पण तेही सगळे एका दिशेचे. जाऊन आठवड्या-दोन आठवड्यांत परत यायचं असेल तर एक दिशा पुरते. मुक्कामाला जायचं असेल तर रोज सकाळी ते पाणी पुन्हा फोडावं लागतं.

मग दोन यंत्रं का नेऊ नयेत, एक फोडणारं आणि एक जोडणारं? नेता येतात, आणि जमिनीवर बहुतेक ठिकाणी तसंच करतात. एकाच घटाकडून दोन्ही कामं करून घेण्याचा हट्ट आहे तो वजन आणि पैसा वाचवण्यासाठी. तो पुरवणं अवघड का, हे बघायला घट उघडावा लागेल.

आपल्या पेल्यात सोड्याचं पाणी होतं. आजच्या घटांत त्याच्या जागी प्लॅस्टिकसारखं दिसणारं एक पातळ पापुद्र्याएवढं पटल असतं. त्याच्यातून हायड्रोजनचे प्रोटॉन जातात, इलेक्ट्रॉन जाऊ शकत नाहीत. ते बिचारे बाहेरच्या वायरीने वळसा घालून जातात, आणि हा वळसा म्हणजेच आपली वीज. पटलाच्या दोन्ही अंगांना उत्प्रेरकाचा, म्हणजे क्रियेला वेग देणाऱ्या पदार्थाचा, बारीक लेप. हायड्रोजनच्या अंगाला प्लॅटिनम लावलं की झालं, ते दोन्ही दिशांना गुणी बाळासारखं वागतं.

दुखणं पुन्हा ऑक्सिजनच्या अंगाला. (धनाग्र-ऋणाग्र हे शब्द मी मुद्दाम टाळतोय. दिशा उलटली की ती नावंही उलटतात आणि वाचणाऱ्याचं डोकं फिरतं.) ऑक्सिजन जोडायला प्लॅटिनम उत्तम, पण पाणी फोडून ऑक्सिजन सोडवायला ते मंद. त्या कामाला इरिडियम लागतं, आणि इरिडियम जोडण्याच्या कामात आळशी. म्हणून दोघांचं मिश्रण लावतात, म्हणजे कुठलंच काम पूर्ण मनासारखं होत नाही. त्यातून इरिडियम जगात वर्षाला निघतं सात-आठ टन, तेही प्लॅटिनमच्या खाणीतलं जोड-उत्पादन म्हणून आणि मुख्यतः दक्षिण आफ्रिकेतून. साध्या इंधनघटात उत्प्रेरक कार्बनच्या भुकटीवर बसवतात. पाणी फोडतानाच्या व्होल्टेजला ऑक्सिजनच्या बाजूचा हा कार्बन स्वतःच जळत जातो. मग त्या जागी टिटॅनियम आणावं लागतं, आणि खर्च वाढतो.

पाण्याचं भांडण याहून चमत्कारिक. घट वीज देत असतो तेव्हा त्याच्या पोटात पाणी तयार होतं आणि ते लगेच बाहेर काढावं लागतं. नाहीतर सगळी छिद्रं तुंबून ऑक्सिजन आत येऊच शकत नाही. तोच घट पाणी फोडत असतो तेव्हा त्याच छिद्रांतून पाणी आत यायला हवं. एकाच कापडाने रेनकोटचंही काम करायचं आणि पंचाचंही! त्यामुळे दिशा बदलताना मधे घट वाळवून घ्यावा लागतो, वायू फिरवून पाणी झटकावं लागतं. घाटघरचा टर्बाइन उलटा फिरवण्याइतकं हे सुटसुटीत नाही.

यावर दुसऱ्या घराण्याचा उपाय आहे, पाणीच ठेवू नका. चिनीमातीच्या जातीचा घट, झिर्कोनियाचा, 700 ते 850 अंशांवर चालणारा. तिथे पाणी नसतं, वाफ असते, त्यामुळे तुंबण्याचा प्रश्नच मिटतो. प्लॅटिनम-इरिडियमही लागत नाही, निकेलवर भागतं. आणि वाफ फोडायला लागणाऱ्या ऊर्जेचा एक हिस्सा उष्णतेतून घेता येतो, त्यामुळे जकातही कमी. बोइंगने 2016 मध्ये अमेरिकी नौदलाला दिलेला 50 किलोवॉटचा उलटसुलट घट याच घराण्यातला. अडचण एवढीच की हे भट्टीचं काम आहे. तापवायला वेळ लागतो, वारंवार थंड-गरम केलं तर थर एकमेकांपासून सुटू लागतात, तडे जातात. कुंभाराला विचारा, भट्टी मधेच उघडली की काय होतं.

आपल्या देशात या घराण्याचा एक प्रकल्प एनटीपीसी या सरकारी वीज कंपनीने डिसेंबर 2021 मध्ये जाहीर केला, विशाखापट्टणमजवळच्या सिंहाद्रीत. जलाशयावर तरंगणाऱ्या सोलर पॅनेलची वीज, 240 किलोवॉटचं पाणी फोडणारं यंत्र, आणि संध्याकाळी पाच ते सकाळी सात अतिथिगृहाला वीज देणारा 50 किलोवॉटचा इंधनघट. घराणं एक, यंत्रं दोन. या आकड्यांकडे नीट बघितलं तर जकात त्यांच्यातच दिसते. 50 किलोवॉट गुणिले 14 तास म्हणजे 700 युनिट. 240 किलोवॉट दिवसा सात तास चालवलं तर 1680. रुपयाचे 42 पैसे. एवढ्या छोट्या रात्रीसाठी मी तरी बॅटरीच लावली असती, पण शिकायचं असेल तर कुठेतरी उभं करावंच लागतं.

मला जास्त पटतो तो त्यांचाच लडाखमधल्या चुशूलचा बेत. तिथे लष्करासाठी सोलर आणि हायड्रोजन मिळून वर्षभर 200 किलोवॉट देणारी यंत्रणा ठरली आहे, डिझेल जनरेटरच्या जागी. हिवाळ्यात पारा उणे 30 पर्यंत उतरतो आणि डिझेलचा एकेक पिंप घाट चढून वर न्यावा लागतो. अशा जागी विजेचा भाव पुण्या-मुंबईच्या बिलावरून काढता येत नाही.

परवा फोनवर भाचीने विचारलं, "मामा, ते उरलेले 65 पैसे जातात कुठे?" बहुतेक सगळे उष्णतेत. वीज देत असताना घट 100 वॉट वायरीत सोडतो तेव्हा जवळपास तेवढीच ऊब त्याच्या अंगातून निघते. पुण्याच्या मेमध्ये ती बाहेर फेकायला पंखे लावावे लागतील. चुशूलला ती खोलीत घेता येईल. आणि चंद्रावर, उणे 200 मध्ये, यानातली यंत्रं गोठू नयेत म्हणून नाहीतरी हीटर लावायचाच होता.